जुनापाणीचीं शिळावर्तुळें : एका निबंधाचें परीक्षण

नागपुराजवळील जुनापाणीच्या शिळावर्तुळांवर रिव्हेट-कार्नॅक यांचा निबंध १८७९ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलांत आला. त्यांतील लोखंडी हत्यारांची नोंद मोलाची खरी. परंतु थरांचा विचार नाहीं. तो बी. के. थापर यांच्या १९६१-६२ च्या उत्खननांत झाला. शिळांवरील खळग्यांवरून युरोपांतील थडग्यांशीं नातें जोडण्याची घाई मात्र अनुकरणीय नव्हे. पूर्वीच्या बर्कशायरांत स्कचॅमर नॉब या प्राचीन टेकाडावर पुढें परगण्याची न्यायसभा भरे. म्हणून आमच्या वर्तुळांतहि गोतसभा बसली असेल, असें कोणी म्हटल्यास आम्ही महजर मागूं. कशेडी घाटाखालीं महाड-पोलादपुराकडे जुनीं दप्तरें बाळगणाऱ्यांनीं नक्कल करितांना केवळ शिक्के व साक्षी न उतरतां निवाड्याची जागाहि, देऊळ, संगम कीं एखादें टेकाड, अक्षरशः उतरावी.