उत्तररामचरित
उत्तररामचरित : भवभूती (सु. आठवे शतक) ह्या संस्कृत नाटककाराचे सात अंकी नाटक. शोक आणि त्याचा उपशम हा त्याचा मध्यवर्ती विषय होय. भवभूतीने आपल्या इतर नाटकांच्या प्रस्तावनांत आपले मूळ गाव पद्मपूर असल्याचे सांगितले आहे. वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) ह्यांनी हे पद्मपूर म्हणजे भंडारा जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर होय, असे प्रतिपादन केले. १९९९ मध्ये भंडारा जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून हे गाव गोंदिया जिल्ह्यात मोडते.

रामायणाच्या उत्तरकांडातील सीतात्यागाची कथा नाटकास आधारभूत आहे. पहिल्या अंकात राम व सीता आपल्या गतायुष्याची चित्रे पाहतात. त्याच दिवशी लोकापवादाची वार्ता येते आणि राम गर्भवती सीतेचा त्याग करतो. पुढील अंक बारा वर्षांनंतरचे आहेत. शेवटी वाल्मीकिरचित नाट्यप्रयोगाच्या द्वारे सत्य प्रकट होते आणि राम, सीता, लव व कुश ह्यांचे मीलन घडते. मूळ कथेत सीता भूमीत विलीन होते; भवभूतीने हा शेवट बदलला.

हा बदल केवळ सुखान्ताच्या संकेतापोटी केलेला नाही, हे तिसऱ्या अंकावरून दिसते. राजा असल्यामुळे रामाला उघडपणे रडता येत नाही. त्याच्या कोंडलेल्या व्यथेला बंद पात्रात शिजणाऱ्या औषधाची उपमा दिली आहे. पंचवटीत मात्र ती व्यथा वाट फोडून बाहेर पडते. तुडुंब भरलेल्या तलावाला जसा सांडवा, तसा शोकाकुल हृदयाला विलाप, असे तमसा ही नदीदेवता सांगते. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यातील वाचकाला हा दृष्टान्त सहज उमगेल. तथापि तो कवीच्या जन्मस्थानाचा पुरावा ठरत नाही.

ह्या अंकात सीता अदृश्य रूपाने उपस्थित असते. मूर्च्छित राम तिच्या स्पर्शाने सावध होतो. पण सांत्वन केवळ रामाचेच होत नाही. त्याचा विलाप ऐकून सीतेच्या मनातील त्यागाचे शल्य निघते. वासंती ही वनदेवता रामाला त्याच्या कठोरपणाबद्दल जाब विचारते. त्यामुळे त्याचा शोक दोषमुक्तीचे साधन बनत नाही. आपल्यावरील अन्यायाची जाणीव अन्याय करणाऱ्याला आहे, हे कळल्यावाचून जखम भरत नाही, असा ह्या अंकाचा आशय आहे. करुण हाच मूळ रस असून इतर रस ही त्याचीच रूपे होत, हे अंकाच्या अखेरचे विधान ह्याच अनुभवातून आले आहे.

लव व कुश ह्यांचे चित्रण वेगळ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पित्याविना वाढलेल्या ह्या कुमारांना राम काव्यातील नायक म्हणून ठाऊक आहे. आपला पिता म्हणून नाही. दुःखाचे कारण न कळताही मुलांना त्याचा वारसा मिळतो, हे भवभूतीने न बोलता दाखविले आहे.

नाटकात उणिवाही आहेत. रामाच्या मूर्च्छा वारंवार येतात, दीर्घ समासांमुळे संवादाची गती मंदावते, आणि चौथ्या ते सहाव्या अंकांत कथानक रेंगाळते. दुसऱ्या अंकातील शंबूकवध आधुनिक वाचकाला अस्वस्थ करतो. सीतेच्या दुःखाला न्याय देणारा कवी तेथे परंपरेपलीकडे जात नाही. अखेरीस प्रजा सीतेला वंदन करते. परंतु जो अपवाद तिच्या त्यागास कारण झाला, त्याची पुरेशी झडती घेतली जात नाही.

तरीही शोक विसरून नव्हे, तर तो पुन्हा पाहून व इतरांसमक्ष बोलून निवतो, हा विचार ह्या नाटकाइतक्या सलगपणे मांडणारी कृती विरळाच. आरंभीचे चित्रदर्शन आणि अखेरचे नाटकातील नाटक ह्यांची रचना त्यासाठीच आहे. पहिल्या प्रसंगी स्मृती वियोगाच्या उंबरठ्यावर नेते, तर दुसऱ्या प्रसंगी तीच पुनर्मीलनाची वाट मोकळी करते.