डांटेचा स्वर्ग आणि सिंधुतीरींचा मनुष्य

मरणोत्तर मनुष्याचा आत्मा ईश्वराच्या न्यायासनापुढें उभा राहतो आणि तेथील निकाल अनंतकाल टिकतो, ही ख्रिस्ती धर्माची श्रद्धा. तिला सर्वांत भव्य काव्यरूप दिलें तें फ्लॉरेन्सच्या डांटेनें (१२६५–१३२१), आपल्या 'डिव्हाइन कॉमेडी' या शंभर सर्गांच्या महाकाव्यांत. आमच्याकडील वाचकांपैकीं कोणी त्यांतील धर्ममत बाजूस सारून केवळ कल्पनावैभवास मान डोलावतात. कोणी 'ज्या स्वर्गांत आमच्या पूर्वजांस जागा नाहीं, त्याचें वर्णन आम्हीं कां वाचावें?' असें म्हणून पुस्तक मिटतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष या काव्यावर अन्याय करतात. कारण दुसऱ्या पक्षाचा आक्षेप स्वतः डांटेनेंच, आणि तोहि स्वर्गांत उभें राहून, मांडला आहे.

स्वर्गखंडाच्या एकोणिसाव्या सर्गांत, गुरु ग्रहाच्या लोकीं, न्यायी राजांचे आत्मे गरुडाची आकृति धारण करून एकमुखानें बोलतात. कवीच्या मनांत दीर्घकाल सलणारी शंका हा गरुडच बोलून दाखवितो. सिंधुनदीच्या तीरीं एक मनुष्य जन्मास आला. तेथें ख्रिस्ताविषयीं सांगणारा, वाचणारा वा लिहिणारा कोणी नाहीं. मानवी बुद्धीस दिसेल तितकें त्याचें आचरण निर्दोष आहे. तो बाप्तिस्म्यावांचून मरतो. त्याला दोषी ठरविणारा न्याय कोणता? त्याचा अपराध काय?

वीतभर दृष्टीच्या मनुष्यानें फार दूरच्या गोष्टीचा निवाडा करूं नये, हें गरुडाचें उत्तर. हें उत्तर नसून तोंड बंद करणें होय, असें कोणी म्हणेल. परंतु गरुड येथेंच थांबत नाहीं. श्रद्धेवांचून कोणीहि येथवर चढला नाहीं असें बजावून तो लगेच सांगतो कीं, मुखानें ख्रिस्ताचा घोष करणारे पुष्कळजण न्यायाच्या दिवशीं, ख्रिस्तास न जाणणाऱ्यापेक्षांहि त्याच्यापासून दूर असतील.

पुढील सर्गांत गरुडाच्या नेत्राभोंवतीं रोमन सम्राट ट्राजन व ट्रॉयचा वीर रिफियस हे दोघे झळकतात. दोघांसहि ईश्वरी कृपेनें श्रद्धा लाभली होती, असा खुलासा होतो. पैकीं रिफियस हा व्हर्जिलच्या 'इनीड'मध्यें ओझरता येऊन जाणारा पुरुष. पण ज्यानें त्याचें नांव अमर केलें व डांटेस नरकांतून वाट दाखविली, तो व्हर्जिल मात्र नरकाच्या पहिल्या वर्तुळांत, यातनेवांचून पण आशेवांचूनहि राहतो. पात्र स्वर्गांत आणि कवि बाहेर!

असे अपवाद काढून नियम सांवरणें हें धर्मशास्त्र्याचें काम झालें. त्यानें आमचें समाधान होत नाहीं. काव्याचें सामर्थ्य आम्हांस दिसतें तें त्या अनाम सिंधुतीरवासीयांत. त्याचा निकाल डांटे कोठेंच सांगत नाहीं. स्वतःच्या दोषावांचून ज्यांस ख्रिस्ताची वार्ता कळली नाहीं, पण जे मनोभावें ईश्वरास शोधतात, त्यांसहि शाश्वत मुक्ति मिळूं शकते, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं नमूद केलें. डांटेच्या हातीं असा ठराव नव्हता. त्यानें श्रद्धा सोडली नाहीं आणि शंकाहि गिळली नाहीं.

आपल्या स्वर्गाच्या दाराबाहेर कोण उभा आहे, हें दृढ श्रद्धेच्या माणसानेंच पाहावयाचें असतें. डांटेनें तें पाहिलें. म्हणूनच त्याच्या काव्यांत परक्यासहि प्रवेश आहे.