फोटोत न आलेली गावं

प्रागपूरच्या पहिल्या संध्याकाळी मी ऐंशी फोटो काढले. रात्री ते चाळताना लक्षात आलं, एकाही फोटोत माणूस नाही. योगायोगानं नाही. गल्लीतून कुणी कपड्यांची बादली घेऊन आलं की मी थांबायचे, ते गेलं की क्लिक.

हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातल्या या गावाला राज्य सरकारनं १९९७ मध्ये हेरिटेज गाव जाहीर केलं. दगडगोट्यांच्या गल्ल्या, स्लेटची छपरं, मातीनं लिंपलेल्या भिंती, मधोमध ‘ताल’ नावाचा तलाव आणि मागे धौलाधार. देखणं आहे, वादच नाही. या भिंती राहिल्या हे बरंच झालं. आपल्याकडचे वाडे कसे पार्किंगसाठी जातात ते बघितल्यावर तर फारच बरं वाटतं.

पण हेरिटेज गाव हा संपादित मजकूर असतो, आणि तो तसाच वाचायला हवा. प्रागपूर सांगतं ते सूद व्यापाऱ्यांबद्दल, त्यांच्या हवेल्यांबद्दल. जजेस कोर्ट नाव ऐकून मला तिथं खटले चालायचे असं वाटलं होतं. ती एका न्यायाधीशाची १९१८ सालची कोठी निघाली, आता तिथं पाहुणे उतरतात. कोठी कुणाची हे लगेच कळतं. तिथलं पाणी कोण भरायचं, या प्रश्नाला कुठंच पाटी नाही.

दुसऱ्या दिवशी निसर्गभ्रमंती म्हणून पोंगच्या जलाशयावर गेलो. बियासवरचं हे धरण सत्तरच्या दशकातलं. २००२ पासून ही रामसर पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात इथं डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस हिमालय ओलांडून हजारोंनी उतरतात. आमच्या वाटाड्याला तीसेक पक्षी आवाजावरून ओळखता येत होते. पाण्याखाली कुठली गावं आहेत, असं मी विचारलं. “ते आजीला विचारावं लागेल,” तो म्हणाला.

या पाण्यासाठी तीनशेहून अधिक गावांची जमीन गेली. लोकांना राजस्थानात, कालव्याच्या काठी जमिनी देऊ केल्या होत्या. डोंगरातल्या माणसांना वाळवंट. अनेकांना तीही वर्षानुवर्षं मिळाली नाही. त्या गावांनाही स्लेटची छपरं असतीलच की. एका गावाला पाटी मिळाली आणि थोड्याच अंतरावरच्या शेकडोंना पाणी, हे एकाच सहलीत दिसतं. पण सहलीत ही दोन वेगवेगळी आकर्षणं असतात: सकाळी वारसा, दुपारी पक्षी. माझी तक्रार या मांडणीबद्दल आहे.

आणि मी ती दुरून करत नाहीये. आईचं मूळ गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. मागच्या उन्हाळ्यात मैत्रिणींबरोबर बामणोलीहून बोटीत बसले, तेव्हा मजेत आईला व्हिडिओ कॉल लावला. मागचा डोंगर दाखवला, हिरवं पाणी दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “पाणी किती उतरलंय गं? देवळाचा कळस दिसतोय का बघ.”

मी कॅमेरा फिरवला. नुसतं पाणीच होतं.