‘मोफत विजे’चे माहितीपत्रक : एक चिकित्सा

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना जाहीर केली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. तेव्हापासून पॅनेल बसवून देणाऱ्यांची माहितीपत्रके तालुक्याच्या गावांतही वर्तमानपत्राच्या घडीतून घरोघर येऊ लागली आहेत. ज्याला वीज कळते असे समजले जाते, अशा गावातल्या माणसाकडे ही पत्रके मग जातात. आणि तो माणूस बहुधा शाळेतला विज्ञानाचा शिक्षक असतो. लोक कर्ज काढून निर्णय घेणार असतात. म्हणून पाठ्यपुस्तक तपासावे तसे हे पत्रकही तपासले पाहिजे. समोर एक चार पानी, गुळगुळीत कागदावरचे पत्रक आहे. पुरवठादाराचे नाव देत नाही, कारण नाव बदलले तरी मजकूर फारसा बदलत नाही.

सुरुवात मुखपृष्ठापासूनच करावी लागते. चित्रात रात्र आहे, आजूबाजूची घरे अंधारात आहेत आणि पॅनेल असलेले एकच घर दिव्यांनी उजळले आहे. पत्रकात पुढे ज्या संचाची किंमत दिली आहे, त्या संचाने हे कधीही घडणार नाही. तो संच ‘ऑन ग्रिड’ आहे, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीजवाहिनीला जोडलेला. रात्री पॅनेल काहीच निर्माण करत नाही. घर वीज कंपनीच्याच विजेवर चालते आणि दिवसा वाहिनीत दिलेल्या युनिटांची त्यातून वजावट होते. पण गल्लीतली वीज गेली तर? या घरातलीही जाते, आणि रात्रीच नव्हे, भर दुपारी लख्ख ऊन असतानाही जाते.

यात दोष नाही, सुरक्षितता आहे. इन्व्हर्टर पॅनेलच्या एकदिश प्रवाहाचे वाहिनीशी जुळणाऱ्या, ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. वाहिनी मृत झाली हे कळताच तो स्वतःहून बंद पडतो. तसे नसते तर वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनला कुणाच्या तरी गच्चीवरची वीज झटका देऊन गेली असती. इतकी सुंदर गोष्ट सांगण्याची संधी पत्रकाने घालवली आणि नेमके तिच्या उलट चित्र छापले. भारनियमनाला कंटाळून पॅनेल घेणाऱ्याची यात सरळ फसगत आहे. त्याला बॅटरीसहचा संच हवा, आणि त्याचा खर्च वेगळा.

दुसऱ्या पानावर, सूर्याची उष्णता शोषून पॅनेल वीज बनवते, असे म्हटले आहे. आपल्याकडे सौर बंबालाही ‘सोलर’ आणि पॅनेललाही ‘सोलर’च म्हणतात, त्यातून हा गोंधळ आला असावा. बंबाला उष्णता हवी असते. सिलिकॉनच्या घटाला प्रकाश हवा असतो, आणि उष्णता तर त्याला बाधतेच. पॅनेलची क्षमता मोजतात ती दर चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना. त्यापुढे प्रत्येक अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के शक्ती घटते. मे महिन्याच्या दुपारी विदर्भातल्या गच्चीवर घटाचे तापमान ६५ अंशांपर्यंत जाऊ शकते. चाळीस अंशांचा फरक, म्हणजे सुमारे १४ टक्के घट. एक किलोवॅटचे पॅनेल तेव्हा पुऱ्या उन्हातही ८६० वॅटच्या आसपासच देईल. उन्हाळा जितका कडक तितकी वीज जास्त, हे पत्रकातले गणित म्हणूनच बरोबर नाही.

किलोवॅट आणि युनिट यांची सरमिसळही जागोजागी आहे. किलोवॅट हे शक्तीचे माप, युनिट म्हणजे किलोवॅट-तास हे ऊर्जेचे. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला २४ युनिटे देत नाही; महाराष्ट्रात वर्षाची सरासरी काढली तर ती सुमारे ४ युनिटे भरते. कोकणात जुलैत तीही बरीच खाली येते.

सावलीबद्दल पत्रकात एकच ओळ आहे : जागा मोकळी असावी. माझ्या मते पत्रकातली सर्वांत मोठी उणीव हीच. पॅनेलमधले घट एकसरीत जोडलेले असतात. जुन्या पद्धतीच्या दिव्यांच्या माळेतला एक बल्ब गेला की सारी माळ विझते, तसा एक झाकलेला घट इतरांचा प्रवाह अडवतो. त्यावर उपाय म्हणून पॅनेलमध्ये साधारणपणे तीन बायपास डायोड असतात. पण त्यामुळे एका घटावरच्या सावलीने पॅनेलचा तिसरा हिस्सा बाद होऊ शकतो. आपल्या गच्चीवर तर पाण्याची काळी टाकी हटकून असते. पाहणी करणारा माणूस मे महिन्यात दुपारी आला तर त्याला सावली दिसणारच नाही. पुण्यात शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यास येतो. २२ डिसेंबरला मात्र मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो आणि दोन मीटर उंचीच्या टाकीची सावली उत्तरेला सुमारे १.८ मीटर पडते. सकाळी नऊला ती याहून कितीतरी लांब असते.

तिसऱ्या पानावर पैशाचा हिशेब आहे. अनुदानाचे आकडे पत्रकाने बरोबर दिले आहेत : पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार रुपये, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. त्यावरून पत्रक सर्वांनाच तीन किलोवॅटचा सल्ला देते आणि दोन वर्षांत पैसे वसूल होतील असे सांगते. महिन्याला १२० युनिटे वापरणारे घर घेऊन हे तपासू.

पुढचे दर आणि किमती केवळ उदाहरणादाखल धरल्या आहेत. तीन किलोवॅटचा संच १,८०,००० रुपयांचा. अनुदान वजा जाता १,०२,००० रुपये. वर्षाची वीज ३ × ४ × ३६५ = ४,३८० युनिटे. पत्रक या सर्व युनिटांना सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लावते. तो १२ रुपये धरला तर वर्षाला ५२,५६० रुपये वाचतात आणि खर्च खरोखरच दोन वर्षांत निघतो. पण हे घर वर्षाला १,४४० युनिटेच वापरते, आणि तीही खालच्या टप्प्यांतली. सरासरी ७ रुपये दराने त्यांचे १०,०८० रुपये होतात. उरलेली २,९४० युनिटे आर्थिक वर्षाच्या अखेरीस वीज कंपनी नियामकाने ठरवलेल्या, पुष्कळ कमी दराने घेते. तो ३ रुपये धरला तर ८,८२० रुपये. एकूण १८,९०० रुपये. म्हणजे वसुलीला साडेपाच वर्षांजवळ, आणि कर्जाचे व्याज निराळे. याच घराने एक किलोवॅटचा संच समजा ७० हजारांना घेतला, तर अनुदानानंतर ४० हजार पडतात, गरजेइतकी वीज मिळते आणि चार वर्षांत पैसे फिटतात. मोठा संच घेऊन मिळवलेले जादा अनुदान हा नफा नव्हे. त्यासाठी खिशातले ६२ हजार रुपये आणखी घालावे लागले आहेत. महिन्याला चारशे युनिटे वापरणाऱ्या घराची गोष्ट वेगळी. त्याची वरच्या टप्प्यांतली महाग युनिटे आधी वाचतात, त्याला तीन किलोवॅट शोभतात. ‘शून्य बिल’ मात्र दोघांनाही नाही, कारण स्थिर आकार भरावाच लागतो.

पंचवीस वर्षांच्या हमीचा शिक्काही नीट वाचावा. ती पॅनेलच्या कार्यक्षमतेची हमी असते, आणि तीतही दरवर्षी थोडी घट गृहीत धरलेली असते. इन्व्हर्टरची हमी बरीच कमी वर्षांची असते. पंचवीस वर्षांत तो एकदा तरी बदलावा लागेल असे धरून चालावे.

चौथे पान चांगले आहे. अर्थिंग, वीजरोधक, सांगाड्याचे गंज न लागणारे नटबोल्ट, पॅनेल सकाळी गार असताना धुण्याची सूचना, हे सारे मुद्देसूद आहे. अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते हेही स्पष्ट लिहिले आहे. आपल्या गावी कुणी पत्रक घेऊन आला तर त्याला हे पान आधी वाचू द्यावे, आणि तिसऱ्या पानाऐवजी घरची बारा महिन्यांची बिले आणायला सांगावे. नववीच्या वर्गालाही हे काम देता येईल : वर्षाच्या एकूण युनिटांना १,४६० ने भागायचे. येणारा आकडा हा त्या घराला लागणाऱ्या किलोवॅटांचा ढोबळ अंदाज. त्यानंतर गच्चीवर जाऊन टाकीची उंची मोजायची आणि डिसेंबरातल्या सावलीची रेघ खडूने आखायची.