कललेला पट

अमडापुरास बल्लाळदेवीच्या टेकडीच्या पायथ्याशीं लहानपणीं आम्ही जो खेळ खेळत असूं त्याला कांहीं विशेष नांव नव्हतें. एक फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, खडूनें लिहिलेले गुण, आणि वरच्या टोकाखालीं एक वीट. गोटी वरून सोडावयाची व खिळ्यांवर ठेचा खात ती कोणत्या घरांत जाते तें पाहावयाचें. हा खेळ खेळणाराचा कीं गोटीचा, हा प्रश्न त्या वेळीं सुचला नाहीं. शिकागोच्या गॉटलीब कंपनीनें १९७१ सालीं काढलेल्या ‘चॅलेंजर’ या विरळ पिनबॉल-यंत्राच्या रचनेचा विचार करूं लागतांच मात्र तोच प्रथम उभा राहतो.

आमची फळी आणि हें यंत्र एकाच कुळांतलीं होत. बॅगटेल नांवाच्या जुन्या युरोपीय खेळाला माँटेग्यू रेडग्रेव्ह यानें १८७१ सालीं अमेरिकेंत कमानीचा दट्ट्या बसविला. १९३१ सालीं गॉटलीबचें ‘बॅफल बॉल’ दुकानांदुकानांतून गेलें. पुढें वीज आली. गोळी कडीला लागतांच मंडल पुरें होतें, तारेची गुंडाळी लोखंडी दांडा ओढते, गोळी झटक्यानें परत उडते, घंटा वाजते, दिवा लागतो. हें सर्व मनोहर खरें. पण दट्ट्या सोडल्यावर खेळणारा केवळ प्रेक्षकच. यंत्राला धक्का देऊन गोळी वळवावी म्हटलें तर आंत लोंबणारा लंबक कडीला टेकून डावच संपवितो. (आमच्या फळीला असा लंबक असता तर पुष्कळ भांडणें वांचलीं असतीं!)

न्यूयॉर्क शहरानें १९४२ सालीं हीं यंत्रें जुगार म्हणून बंद केलीं, व नगराध्यक्ष ला गार्डिया यांनीं स्वतः हातोडा घेऊन तीं फोडलीं. हा अधिकाऱ्यांचा निव्वळ अरसिकपणा होता असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्याकडील १८८७ च्या मुंबईच्या जुगारबंदीच्या कायद्यांतही केवळ कौशल्याच्या खेळालाच सूट आहे, आणि त्या दिवसांच्या पिनबॉलांत कौशल्य तें किती होतें? उत्तर १९४७ सालीं आलें. हॅरी मॅब्स यानें गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रांत बटणानें हलणारे सहा पंखे बसविले. त्या दिवसापासून खेळणाराला हात फुटले. सारीपाटांत दान कवड्यांचें असलें तरी सोंगटी आपण चालवितों. तोच न्याय येथें लागूं झाला. न्यूयॉर्कची बंदी उठावयास मात्र १९७६ साल उजाडावें लागलें.

आतां चॅलेंजर. येथें दोन खेळाडू यंत्राच्या दोन टोकांस समोरासमोर उभे राहतात, आणि पट एकदां एकाकडे, एकदां दुसऱ्याकडे कलतो. कल्पना धाडसी आहे यांत शंका नाहीं. इतर यंत्रांत उतार इतका अंगवळणीं पडलेला असतो कीं तो आहे हेंही आपण विसरतों. या कारागिरांनीं त्यालाच खेळांत ओढलें. गुंडाळ्या व रिले एवढ्याच भांडवलावर हें साधणें लहान काम नव्हे.

तरीही आमचें मत प्रतिकूल आहे. पिनबॉलचा रस एकाकी आहे. समोर कोणी माणूस नसतो. असतो तो उतार, आणि तो कोणाचा पक्षपात करीत नाहीं. गोळी खालीं गेली तर रागवावयाचें कोणावर? या निरुत्तर स्थितींतच मनुष्य पुन्हां दट्ट्या ओढतो. समोर प्रतिस्पर्धी आणून ठेवला कीं हार-जीत आली, ईर्षा आली. पण त्यासाठीं बुद्धिबळापासून खोखोपर्यंत अधिक चांगले खेळ पूर्वींच आहेत. शिवाय ज्या उताराशीं झुंजावयाचें तोच पाळीपाळीनें दोघांची चाकरी करूं लागला कीं त्याचा धाक जातो. आमच्यांतल्या एका थोराड मुलानें एकदां डाव अंगावर येतांच वीट उचलून फळीच्या दुसऱ्या टोकाखालीं सारली होती. आम्ही हसलों पुष्कळ. खेळ मात्र तेथेंच मोडला.

चॅलेंजर थोडींच निघालीं. समोरासमोर खेळण्याची कल्पना विल्यम्स कंपनीनें १९८३ सालीं ‘जाऊस्ट’ या यंत्रांत पुन्हां हातीं घेतली. पण तोंवर गुंडाळ्या-रिलेंची ती खडखडती विद्या मागें पडून तिच्या जागीं इलेक्ट्रॉनिक मेंदू आला होता.