तुकोबांची चाल

गेल्या भाऊबीजेला मी साताऱ्याहून सांगलीला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणी झाली, चकल्या-अनारशांचा समाचार घेऊन झाला, आणि दाजींनी मोठ्या अभिमानाने मला नव्या टीव्हीपुढे नेऊन बसवले. टीव्ही कसला, अर्धी भिंतच होती ती! "मास्तर, तुम्ही जुन्या बोलपटांवर लिहिता. आज 'संत तुकाराम' बघूच," ते म्हणाले. आमचे मामाही आले होते. ह्या मामांनी सातारा-सांगलीकडच्या जत्राजत्रांतून तंबूतल्या टुरिंग टॉकीजवर मशीन चालवण्यात उमेदीची सारी वर्षे घालवली. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, पण पडद्यासमोर बसले की अजूनही ते आधी वळून पाठीमागे पाहतात. मशीन तिकडे असायचे ना!

बोलपट सुरू झाला. दामले-फत्तेलालांनी १९३६ साली 'प्रभात'मध्ये दिग्दर्शित केलेली आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झालेली ही कृती मी किती वेळा पाहिली असेल, त्याची गणती नाही. पण त्या दिवशी काहीतरी बिनसले होते. विष्णुपंत पागनीस चालू लागले, की चित्रपटातला माणूस चालल्यासारखे वाटेना. शेजारच्या वाड्यातले कोणी खिडकीसमोरून गेल्यासारखे वाटे. सगळे कसे गुळगुळीत, घसरते, दुपारच्या मालिकेसारखे! देहूची धूळ नाहीशी झाली होती. उरला होता तो रंगवलेला पडदा आणि त्यापुढे वेष घालून उभी असलेली माणसे. तुकोबा वैकुंठाला निघाले, त्या प्रसंगी माझ्यासारख्या भाविकाला हसू आले. तेवढ्यात मामा म्हणाले, "आरं, हे आपलं चित्र न्हाई. ह्यात कुणीतरी मधी मधी भर घातलीया."

शब्दशः तसेच घडले होते. बोलपटाच्या फितीवर एका सेकंदाची चोवीस चित्रे असतात. १९२७ च्या सुमारास ध्वनी आला आणि हा आकडा ठरून गेला. नव्या टीव्हीला चोवीस थोडी वाटतात. म्हणून तो दोन चित्रांच्या मधे काय असावे ह्याचा तर्क करून स्वतःच नवी चित्रे घडवतो आणि आत सरकवतो. क्रिकेटच्या सामन्यात ह्याने चेंडू स्पष्ट दिसतो, हे मी नाकारीत नाही. पण पागनीसांनी न केलेला अभिनय पागनीसांच्या नावावर खपवण्याचा अधिकार यंत्राला कोणी दिला? ह्या प्रकाराविरुद्ध टॉम क्रूझसारख्या नटाने २०१८ साली मुद्दाम चित्रफीत काढून प्रेक्षकांना विनवले होते की, घरच्या टीव्हीतली ही सोय बंद करा. पुढल्याच वर्षी 'फिल्ममेकर मोड' नावाची एक तजवीज जाहीर झाली. तीत चित्रपट जसा केला तसाच दाखवायचा असतो. दाजींच्या टीव्हीत ती सोय कुठल्याशा यादीच्या तळाशी दडून बसलेली होती. भाचीने ती शोधून बंद केली, तेव्हा देहूची धूळ परत आली.

वाचक म्हणतील, मास्तर, एवढ्या बारीकसारीक गोष्टीसाठी दिवाळी अंकाची पाने कशाला? त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवाळी अंकात मी फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'वर लिहिले होते. तारामतीचे काम करणाऱ्या साळुंक्यांना मी "किल्लीची बाहुली" म्हटले. "हावभाव उतावळे, भावना उमटण्यापूर्वीच हात उडतो," असा शेरा मारला. वाक्य मला इतके आवडले होते की वर्गातही दोनदा म्हणून दाखवले. मामांनी तो अंक वाचला आणि मला एकच प्रश्न विचारला: "कितीच्या वेगानं बघितलास?"

मला उत्तर देता आले नाही. टीकाकार म्हणवणाऱ्या माणसाला ह्याहून लाजिरवाणे काय असेल? पुस्तकाची कितवी आवृत्ती वाचली हे मी सांगतो, नाटकाचा प्रयोग कुठे पाहिला हेही सांगतो. चित्रपटालाही चाल असते आणि ती बदलता येते, हे मात्र माझ्या गावीही नव्हते.

मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला साधारण दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चित्रे, म्हणजे सोळा. हात माणसाचा, तेव्हा कमीजास्त व्हायचेच. तीच फीत पुढे सेकंदाला चोवीसने फिरवली की सगळे दीडपट धावते. मी दहावीच्या वर्गाला गणित घातले. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३७०० फूट सांगतात. एका फुटात सोळा चित्रे. मुलांनी फळ्यावर मांडले: ५९,२०० चित्रे. चोवीसने भागले तर एक्केचाळीस मिनिटे, सोळाने भागले तर एक तास आणि वर दीडएक मिनिट. पुष्कळ पुस्तकांत ह्या चित्रपटाचा वेळ चाळीस मिनिटे म्हणून दिलेला असतो! १९१३ साली मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लोकांनी जो खेळ पाहिला, तो पुस्तकातल्या खेळाहून बहुधा बराच सावकाश होता. एका मुलाने विचारले, "सर, मग मधली वीस मिनिटं कुठं गेली?" गेली नाहीत बाळ, आम्ही ती पळवली.

त्या रात्री भाचीच्या संगणकावर आम्ही फाळक्यांचे पहिले रीळ वेग पाऊणपट करून लावले. चोवीसचे अठरा झाले. राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो आहे आणि राणी पाहते आहे, तो प्रसंग. पूर्वी मला तिथे नुसती हातांची झटापट दिसली होती. आता बापाचा हात मुलाच्या हाताला वळण देतो आहे असे दिसले. राणीची मान वळण्यापूर्वी थांबते, हेही दिसले. साळुंके थोर नट होते असा निवाडा मी एवढ्यावरून देणार नाही. वेग उतरवला म्हणून अभिनय चढत नाही. त्यांचे हातवारे रंगभूमीचेच आहेत, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसावेत म्हणून केलेले. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले, तिथे बसून ह्या रीतीला नावे ठेवणे शोभतही नाही. पण "किल्लीची बाहुली" हे शब्द मी परत घेतो. किल्ली मीच पिळली होती.

दुसरी एक लबाडी याहून सूक्ष्म आहे. आपल्याकडे १९७२ साली मुंबईला दूरदर्शन केंद्र निघाले. आपली पद्धत सेकंदाला पंचवीस चित्रांची. चोवीसचा बोलपट पंचवीसच्या यंत्रावर दाखवण्याचा सोपा उपाय म्हणजे तो किंचित जलद फिरवणे. शंभरी चार हा फरक डोळ्यांना कळत नाही. पण १३१ मिनिटांचा 'संत तुकाराम' त्यात सव्वापाच मिनिटांनी आखूड होतो. आणि ध्वनीही बरोबरच धावत असल्यामुळे सूर वर चढतो. पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये जेवढे अंतर, त्याच्या सात-दशांश इतका. धड खालची पट्टी नाही, धड वरची नाही.

माझे वडील भजनी मंडळात पेटी वाजवीत. १९९० च्या सुमारास आमच्याकडे टीव्ही आला. बोलपटातला अभंग लागला की ते पेटी ओढून साथ करायला बसत. कॅसेटवर जुळणारा अभंग टीव्हीवर जुळेना. (कॅसेटयंत्रेही काही कमी लबाड नसतात, पण आमचे त्यातल्या त्यात सज्जन होते.) वडिलांनी दोष पेटीला दिला. ती पिशवीत घालून एस.टी.ने मिरजेला नेली. तिथल्या कारागिराने दोन्ही सप्तके वाजवून पाहिली आणि पैसे न घेता परत केली. "पेटी चोख आहे," म्हणाला. वडिलांनी मग दोष स्वतःच्या कानाला दिला, आणि टीव्हीबरोबर पुन्हा कधी वाजवले नाही. त्यांचा कान शेवटपर्यंत बरोबर होता, हे सांगायला आज ते नाहीत.

आता चित्रे संगणकावरून आणि मोबाईलवरून येतात, आणि त्यांचे पडदे बहुतेक सेकंदाला साठ वेळा उजळतात. साठात चोवीस सरळ बसत नाहीत. म्हणून एक चित्र दोनदा तर पुढचे तीनदा दाखवावे लागते. पावले मोजून चालणारा माणूस एक पाऊल आखूड, एक लांब टाकू लागला तर जसा दिसेल, तशी सगळी हालचाल अडखळते. कॅमेरा सावकाश बाजूला वळतो तेव्हा हे फार जाणवते. आमच्या वाई-मेणवलीच्या कृष्णाकाठी चित्रित झालेला 'स्वदेस' (२००४) मी मोबाईलवर पाहिला. ओळखीचा मुलूख पडद्यावरून सरकण्याऐवजी थबकत थबकत गेला. थिएटरात असे होत नाही. तिथे फितीच्या काळी प्रत्येक चित्रावर पडदी दोनदा फिरे, पण सर्वांना सारखाच वेळ मिळे. "पंगतीत वाढप्यानं सगळ्यांस्नी सारखंच वाढायचं असतं," मामा म्हणाले.

मी त्यांना जरा छेडले. "मामा, तुमच्या तंबूत तर सगळे शास्त्रशुद्ध चालत असेल?" मामा हसले. मशीनची मोटार नेमाने चोवीसच फिरायची, हे खरे. पण पुसेगावच्या जत्रेत रात्री तिसरा खेळ लागायचा तेव्हा पहाट जवळ आलेली असे आणि मालक घड्याळ दाखवी. मग एखादे गाणे गाळले जाई. कधी अख्खे रीळच. "वेग न्हाई बदलला कधी," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "पण गाळलं. गाळलं खरं." मूकपटाच्या काळातले त्यांचे उस्ताद तर शेवटच्या खेळाला हाताने मशीन भराभरा फिरवून मोकळे होत, असेही त्यांनी सांगितले.

ती सोय बंद केल्यावर भाचीने 'संत तुकाराम' पुन्हा पहिल्यापासून लावला होता. आतून बहिणीने पाने घेतल्याची हाक दिली. भाचीने मोबाईलची सवय तशी टीव्हीवरही चालवली. "आजोबा, दीडपट करू का? जेवायच्या आत संपेल."

मामांनी वळून पाठीमागे पाहिले. तिथे मशीन नव्हते, माझी बहीण हातात वाढण्याची पळी घेऊन उभी होती.

"पोरी, एवढा अभंग होऊ दे," मामा म्हणाले. "आमटी गार झाली तरी चालंल."