तलवार पात्राची, बोटं खेळाडूची

मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांत, म्हणजे मडमध्ये, एक भांडण फार जुनं आहे. भूमिका जगायला येणारे आणि जिंकायला येणारे एकमेकांना कमी लेखतात. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात पहिला मड रचायला घेतला. त्यात गुण कमावत विझार्ड या सर्वोच्च पदाला पोहोचायचं होतं. १९८९च्या टायनीमडमध्ये गुणांची चढाओढ गेली, गप्पा आणि नव्या जागा रचणं उरलं. तेव्हापासून लढाईचे मड वेगळे, भूमिकेचे वेगळे, असं धरून चालतात. ही वाटणी मला फसवी वाटते. इथं वार करणं आणि लवून मुजरा करणं, दोन्ही टाइप केलेल्या ओळीच असतात. वाद आहे तो कौशल्य कुणाचं मोजायचं याचा: पात्राचं की ते चालवणाऱ्या माणसाचं?

१९९७ मध्ये सुरू झालेल्या अकेया या मडमधली लढाई जवळून पाहावी. शत्रू तुमच्यावर एकामागून एक व्याधी लादतो, आणि काही व्याधी उपचाराचीच वाट अडवतात. दमा जडला की चिलीम ओढता येत नाही, अन्नावरची वासना उडाली की औषधी मुळी गिळता येत नाही, कातडी बुळबुळीत झाली की मलम लागत नाही. तिन्ही वाटा एकदम बंद झाल्या आणि उरलेले उपायही कोंडले गेले, तर सुटका अवघड. प्रत्येक उपायानंतर काही क्षण थांबावं लागतं, म्हणून आधी कुठली व्याधी काढायची हे झटक्यात ठरवायचं असतं. आक्षेप असा, की हे काम पुढं स्क्रिप्टनी उचललं आणि नंतर खेळाच्या सर्व्हरनंही आपोआप उपचाराची सोय दिली. मग यात पात्र कुठं राहिलं? आक्षेप अर्धा खरा आहे. पण उपचार यंत्रानं केले तरी व्याधी कोणत्या क्रमानं लादायच्या आणि माघार कधी घ्यायची, हे माणूसच ठरवतो. शिवाय तिथं शहरांचा कारभार खेळाडूंच्या हाती असतो. सेनापतीनं भर चौकात दिलेल्या आव्हानाला वजन येतं, कारण तो खरोखर हरू शकतो. ते हरणं नसेल, तर उरतो पोशाख.

आर्मागेडन नावाच्या मडमध्ये उलटं आहे. तिथं भूमिका सक्तीची आणि मरण कायमचं. तलवारीचा हात किती बसला हे पात्राच्या नावावर कोडमध्ये जमा होतं. खेळाडूच्या बोटांच्या वेगाला त्यामानानं कमी भाव. तरी कसबी खेळाडू लगेच ओळखू येतो. तलवार कधी उपसायची नाही, हे त्याला कळतं.

खरी विषमता जिभेच्या बाबतीत आहे. दुबळा माणूस मल्ल चालवू शकतो, कारण कोड त्याच्या मदतीला येतं. मितभाषी माणसाला फर्डा वकील चालवायचा असेल तर कोड हात वर करतं. इंग्रजी मड खेळणाऱ्या परभाषिकाला हे जास्तच बोचतं. संगीत नाटकात गळा नटाचा, टाळी पात्राला, इथंही तसंच. यावर कुणी सुचवतात, की वक्तृत्वही आकड्यांवर सोडा. पण मग वाचायला काय राहील? 'त्याचं बोलणं प्रभावी ठरलं' अशी ओळ पडद्यावर उमटल्यानं कुणाचंच मन वळत नाही.

इमोटमध्ये, म्हणजे पात्राची कृती स्वतःच्या शब्दांत लिहिण्यात, तर पात्र आणि खेळाडू या दोन्ही बाजू एकत्रच येतात. 'मी त्याचा हात छाटतो' असं लिहून समोरच्याचं उत्तर हिसकावून घेणारा बहुतेक ठिकाणी असभ्य ठरतो. 'मी पातं त्याच्या मनगटाकडे झुकवतो' यात दुसऱ्याला मागे सरायला, हसायला, शरण यायला जागा आहे. ही जागा ठेवणं शिकावं लागतं, आणि नुसता टाइपिंगचा वेग त्याला पुरत नाही. लढाईचे नियम घासूनपुसून घेण्यात रचनाकारांनी वर्षं घालवली. या कसबाची दखल मात्र अजून एखाद्या देखरेख करणाऱ्याच्या मर्जीवर नाहीतर सहखेळाडूंच्या शिफारशीवर सोडलेली असते.